शून्याचे वीस टक्के किती?

१२ मे २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी वीस लाख कोटी रुपयांचे ‘आत्मनिर्भर भारत’ पॅकेज जाहीर केले. देशाच्या सकल उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम, असे अभिमानाने सांगितले गेले. टाळेबंदीला तेव्हा सात आठवडे होत आले होते. आपल्या शहरात मुकुंदवाडी, मिसारवाडी, आंबेडकरनगर, भीमनगर-भावसिंगपुरा या वस्त्यांमध्ये हातगाड्या साखळी लावून उभ्या होत्या, रिक्षांच्या सीटवर धूळ साचली होती. आम्ही त्या दिवसांत धान्याचे किट घेऊन गल्लीगल्लीत फिरत होतो. त्या घोषणेनंतर जो तो एकच प्रश्न विचारत होता : यात आपलं किती?

त्या प्रश्नाला पाच वर्षे उलटून गेली आणि उत्तर अजून आलेले नाही. मधल्या काळात शहराचे नाव बदलले, महामारी विस्मरणात गेली, आणि ‘सरकारने त्या काळात सगळ्यांना मदत केली’ ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी पक्की झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने फेरीवाल्यांच्या ‘पीएम स्वनिधी’ कर्जयोजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली. म्हणून हा हिशेब आता मांडायलाच हवा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. महामारीत सरकारने धंदेवाल्यांना मदत केली, हे खरे. पण ती कोणाला द्यायची हे ठरवताना गरज पाहिली नाही, नोंद पाहिली. बँकेच्या वहीत नोंद, परवान्याची नोंद, मंडळाची नोंद. आणि वहीत कोणाचे नाव लागते, कोणाचे लागत नाही, हा या देशात कायमच जातीचा प्रश्न राहिलेला आहे.

ज्याच्याकडे आहे त्यालाच

पॅकेजचा तपशील अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १३ ते १७ मे असे पाच दिवस पत्रकार परिषदांमधून सांगितला. बेरीज आली २० लाख ९७ हजार ५३ कोटी. त्यातले आठ लाख कोटींहून अधिक रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी आधीच मोकळे केलेले पैसे होते. धंद्यांसाठी सर्वांत मोठी घोषणा होती ती तीन लाख कोटींच्या विनातारण कर्जाची. कर्ज बुडाले तर सरकार शंभर टक्के भरून देणार, अशी हमी होती.

हे कर्ज किती मिळायचे? २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढी कर्जाची बाकी असेल, तिच्या वीस टक्के. पंचवीस कोटींची बाकी असलेल्या कारखानदाराला पाच कोटी. पाच लाखांची बाकी असलेल्या दुकानदाराला एक लाख. आणि ज्याला बँकेने आजवर कधी कर्जच दिले नाही, त्याला? शून्याचे वीस टक्के किती, हे चौथीतले पोरही सांगेल.

योजना वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीतले लहान कारखाने अशा कर्जावर तगले असतील तर चांगलेच झाले, तिथे आपलीही माणसे राबतात. पण ज्या सूत्रात आधीचे कर्ज हीच पात्रता आहे, ते सूत्र आधीची विषमता जशीच्या तशी पुढे नेते. ज्याचे ताट भरलेले होते त्याच्या ताटात आणखी वाढले, आणि ज्याच्यापुढे ताटच नव्हते त्याला ‘तुमचे ताट कुठे आहे?’ असे विचारले.

आता आपण या रांगेत कुठे आहोत ते पाहा. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे वर्षानुवर्षे छापले गेले. त्यानुसार अनुसूचित जातींची मालकी सूक्ष्म उद्योगांत सुमारे साडेबारा टक्के, लघु उद्योगांत साडेपाच टक्के आणि मध्यम उद्योगांत शून्य. धंदा जसजसा मोठा होतो, तसतसे आपण गळत जातो. आणि ‘सूक्ष्म उद्योग’ हा शब्द ऐकून कोणी यंत्रांनी भरलेली शेड डोळ्यांपुढे आणू नये. त्यात पंक्चरचे दुकान येते, शिलाई मशीन येते, घरातल्या घरात चालणारी पापड-कुरडयांची भट्टी येते.

बँक आपल्याला का ओळखत नाही, याचेही उत्तर द्यावे लागेल. तारण द्यायला जमीन नाही, कारण जमीन कधी मिळूच दिली नाही. घर आहे ते गुंठेवारीतले किंवा झोपडपट्टीतले, त्याचा कागद बँक मानत नाही. जामीनदार हवा, तर नात्यागोत्यात सगळे आपल्यासारखेच. सरकारने यासाठी महामंडळे काढली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेत प्रकल्पाच्या वीस टक्के रक्कम महामंडळ देते, पाच टक्के अर्जदाराने घालायची, आणि पंचाहत्तर टक्के पुन्हा बँकेकडूनच आणायचे. म्हणजे ज्या दारातून हाकलले म्हणून महामंडळाकडे गेलो, महामंडळ त्याच दाराकडे बोट दाखवते. मातंग समाजासाठी असलेले अण्णा भाऊ साठे महामंडळ तर २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या घोटाळ्यानंतर कित्येक वर्षे ठप्पच होते. ‘स्टँड अप इंडिया’ योजना होती तेव्हा तिचे कर्ज दहा लाखांपासून पुढे सुरू व्हायचे. हातगाडीवाल्याने त्याचे काय करायचे होते?

हा अनुभव नवा नाही. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील लोकांना सल्ला देणारी पेढी काढली होती. ज्ञान होते, पदव्या होत्या. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर मिसारवाडीतल्या अंडाभुर्जीच्या गाडीवाल्याला ‘आत्मनिर्भर हो’ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

जयंतीच्या आदल्या रात्रीचे पंधराशे रुपये

केंद्राचे झाले, आता राज्याचे. १३ एप्रिल २०२१ च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध जाहीर केले. ते लागू होणार होते १४ एप्रिलला रात्री आठ वाजता, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशीच. सोबत ५ हजार ४७६ कोटींचे पॅकेज होते. पाच लाख अधिकृत फेरीवाले, बारा लाख परवानाधारक रिक्षाचालक, बारा लाख नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि नोंदणीकृत घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये.

बंदचा हुकूम काढताना त्याच भाषणात रोख मदतही जाहीर केली, ही गोष्ट चांगलीच झाली. केंद्राने २०२० मध्ये एवढेही केले नव्हते. पण या यादीतले विशेषण वाचा : अधिकृत, परवानाधारक, नोंदणीकृत. सगळी मेख तिथे आहे.

पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यावे, हे त्या कायद्याचे माप आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या पाच कोटी आठ लाख होती. अडीच टक्के म्हणजे पावणेतेरा लाखांच्या घरात. सरकारच्या यादीत होते पाच लाख. आपल्या शहराची लोकसंख्या त्याच जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास होती, म्हणजे कायद्याच्या मापाने सुमारे एकोणतीस हजार फेरीवाल्यांना इथे जागा मिळू शकते. शहागंज, गुलमंडी, औरंगपुरा, टीव्ही सेंटर, मुकुंदवाडी इथे उन्हात उभे राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात ओळखपत्र आहे, हे वाचकांनी संध्याकाळी एक फेरी मारून स्वतःच पाहावे.

रिक्षाचे तसेच. परवाना एकाच्या नावावर, रिक्षा चालवतो दुसरा. दिवसपाळीला एक आणि रातपाळीला दुसरा असे शिफ्टने चालवणारे आपले कितीतरी तरुण आहेत. पंधराशे रुपये परवान्याला मिळाले. स्टिअरिंगला नाही.

वेरूळ-अजिंठ्याचे पाहा. लेण्या मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या डिसेंबरमध्ये उघडल्या. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. जून २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त गाईडसाठी एक लाखापर्यंत हमीचे कर्ज जाहीर केले. देशभरात पात्र ठरले सुमारे १०,७०० गाईड. पण लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धमूर्ती, माळा, रंगीत दगड, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांचे काय? ते पर्यटन व्यवसायात धरलेच गेले नाहीत. पर्यटक आला तर त्यांचे पोट, नाही आला तर उपास.

आणि ज्यांची यादीच कधी झाली नाही अशी आपली माणसे आठवा. नागसेनवन, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा परिसरात विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या मावश्या. पोरे गावाकडे गेली आणि मेस एका दिवसात बंद झाली. कित्येकांची महिन्याची बाकी तशीच राहिली. भीमगीतांच्या गायन पार्ट्या, बँजो पार्टी, साउंडवाले, मंडपवाले. यांचा वर्षाचा पैसा एप्रिल-मेमध्ये होतो. २०२० ची जयंती घरात, २०२१ चीही घरात. विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिनाला आणि भडकल गेटला जयंतीला पुस्तके, फोटो, निळे झेंडे विकणारे. हे सगळे स्वयंरोजगारी आहेत. कलावंतांसाठी पाच हजारांची एकरकमी मदत आली ती २०२१ च्या उत्तरार्धात, दोन जयंत्या बुडाल्यावर. तिथेही पुन्हा कागद, दाखले, छाननी.

‘यादीत नाव लागलं का?’ हा त्या दोन वर्षांतला आपल्या वस्त्यांमधला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न होता.

नोंद कोणी केली नाही?

इथे लगेच एक आवाज येतो. ‘तुमच्याच लोकांनी नोंदणी केली नाही, आता सरकारला का दोष देता?’ हा प्रश्न आपल्यातलेही काही शिकलेले लोक विचारतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

पथविक्रेता कायद्यात फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करण्याची जबाबदारी फेरीवाल्यावर नाही. ती नगर पथविक्रेता समितीवर आहे, आणि समिती नेमायची ती महापालिकेच्या पातळीवर. सर्वेक्षण किमान पाच वर्षांतून एकदा झालेच पाहिजे. समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून द्यायचे आहेत. त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही, असे कलम ३ सांगते. म्हणजे नोंद न होणे हा फेरीवाल्याचा आळस नव्हे, तो कायद्याचा भंग आहे. आणि भंग करणारा वेगळाच आहे.

असंघटितांची राष्ट्रीय यादी कधी झाली? ई-श्रम पोर्टल सुरू झाले २६ ऑगस्ट २०२१ ला. पहिली लाट गेली, दुसरी लाट गेली, माणसे मेली, धंदे मोडले, आणि मग यादी करायला घेतली. आपल्या शहरात तर आणखी एक गंमत. एप्रिल २०२० अखेरीस महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची पाच वर्षे शहराला नगरसेवकच नव्हता. वॉर्डात जाऊन ‘आमचे नाव का नाही?’ असे विचारायचे कोणाला?

नोंद नसण्याची टोकाची किंमत आपल्या जिल्ह्यानेच पाहिली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसे, बहुतेक आदिवासी. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाली आणि थकून तिथेच झोपली. जिवंतपणी त्यांच्या हातात कोणी पाचशे रुपये ठेवले नाहीत. मेल्यावर दोन्ही राज्यांनी पाच-पाच लाख जाहीर केले. ज्यांचा पत्ता जिवंतपणी कोणाला सापडत नव्हता, तो मेल्यावर एका दिवसात सापडला. मग यादी करणे अवघड असते, हे आम्ही कसे मान्य करायचे?

गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी पूर्वी वेस होती. आजच्या शहरात वहीची ओळ आहे. ओळीच्या आत असलेल्याला धोरण कळते, कर्ज मिळते, भरपाई मिळते. ओळीबाहेरच्याला किट मिळतो, आणि किट घेतानाचा फोटो.

मदत की कर्ज?

‘स्वनिधी’ योजनेबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. १ जून २०२० ला सुरू झालेल्या या योजनेने पहिल्यांदाच रस्त्यावरच्या विक्रेत्याला विनातारण दहा हजार रुपये बँकेतून मिळण्याची वाट उघडली. सर्वेक्षणात सुटलेल्याला महापालिकेच्या शिफारसपत्रावर अर्ज करता येईल, अशी सोयही ठेवली. आपल्या अनेक भगिनींनी त्याचा फायदा घेतला, वेळेवर फेडले, पुढचे वीस हजार घेतले. गरीब माणूस कर्ज बुडवतो, हा बँकांचा समज त्यांनी खोटा पाडला.

पण ही मदत नव्हती. हे कर्ज होते, आणि तेही सरकारनेच बंद पाडलेल्या धंद्यासाठी. १० ते १८ जुलै २०२० या काळात आपल्या शहरात पुन्हा कडकडीत टाळेबंदी झाली. जून महिन्यात ज्याने उसनवारीने माल भरला, त्याचा माल त्या नऊ दिवसांत सडला. हुकूम सरकारचा आणि नुकसान फेरीवाल्याचे. त्यावर उपाय म्हणून त्याला सांगितले, कर्ज काढ, डिजिटल व्यवहार कर, महिन्याला शंभर रुपये कॅशबॅक मिळेल.

हप्त्यांचेही तेच. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चालूच होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये व्याजावरचे व्याज रद्द केले, मूळ व्याज माफ करायला नकार दिला. रिक्षाचे कर्ज असलेल्याला याचा अर्थ एवढाच कळला की सहा महिने रिक्षा उभी होती आणि कर्ज वाढत होते.

‘मग काय सरकारने फुकट वाटायचे?’ हा पुढचा प्रश्न. ‘नोकरी मागणारे नाही, नोकरी देणारे व्हा’ असे सांगणारे आपल्यातले उद्योजकही म्हणतात की कर्जात सन्मान आहे, रोख मदतीत लाचारी. त्यांच्या जिद्दीचा आम्हाला आदर आहे. पण एक फरक त्यांनी समजून घ्यावा. धंदा वाढवायला घेतलेल्या कर्जात सन्मान आहे. दुसऱ्याने बंद केलेल्या धंद्याचे नुकसान भरायला घेतलेल्या कर्जात कसला सन्मान? रस्ता करायला सरकार शेत घेते तेव्हा शेतकऱ्याला मोबदला देते, कर्ज देत नाही. साथ रोखण्यासाठी सरकारने आमची रोजी घेतली. ती सगळ्यांच्या भल्यासाठी घेतली असेल, तर तिची किंमतही सगळ्यांनी भरली पाहिजे. तो आमचा मोबदला होता.

पैसा नव्हता, हेही पटणारे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या करात कपात झाली, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले होते. तीन कोटी लहान धंदेवाल्यांना महिन्याला पाच हजार रुपये तीन महिने दिले असते, तर खर्च आला असता ४५ हजार कोटी. सोडलेल्या कराच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

बाहेर काय झाले? ब्रिटनने स्वयंरोजगारी माणसाला त्याच्या सरासरी नफ्याच्या ऐंशी टक्के, तीन महिन्यांसाठी साडेसात हजार पौंडांपर्यंत, परत न करण्याच्या बोलीवर दिले. जर्मनीने पाचपर्यंत कामगार असलेल्या धंद्यांना नऊ हजार युरोपर्यंत अनुदान दिले. तिथेही सगळे गोड नव्हते. ब्रिटनमध्ये जुने विवरणपत्र नसलेले नवे धंदेवाले बाहेर राहिले. वही तिथेही होतीच.

आपल्यासाठी सर्वांत शिकण्यासारखा धडा अमेरिकेचा आहे. तिथे एप्रिल २०२० मध्ये लहान धंद्यांसाठी ३४९ अब्ज डॉलरची योजना आली. पगारावर खर्च केलेले कर्ज माफ होणार होते. वाटप बँकांकडे दिले. बँकांनी आपल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना आधी घेतले आणि तेरा दिवसांत पैसा संपला. मागे राहिले ते कृष्णवर्णीयांचे लहान धंदे, कारण त्यांचीही बँकेशी ओळख नव्हती. तिथल्या संघटना गप्प बसल्या नाहीत. कोणाला मिळाले याचे आकडे मागितले, आरडाओरड केली. जानेवारी २०२१ मध्ये योजना पुन्हा उघडली तेव्हा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या पतसंस्थांना पहिले काही दिवस राखून ठेवले गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन आठवडे वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांचेच अर्ज घेतले गेले. पँथर हे नाव आपण तिकडून घेतले होते. आकडे मागण्याची ही सवयही घ्यायला हरकत नाही.

बंदचा हुकूम आणि भरपाईचा हुकूम

टाळेबंदी कोणत्या कायद्याखाली लागली? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की आपत्तीग्रस्तांसाठी मदतीचे किमान निकष ठरवले पाहिजेत. त्यात निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आहेत, मृत्यूबद्दलचे सानुग्रह साहाय्य आहे, आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्यही आहे. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या नातेवाइकांना जे पन्नास हजार मिळाले, ते याच कलमावरून सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला दिलेल्या निकालामुळे. मृत्यूचा शब्द कोणीतरी न्यायालयात नेला. त्याच ओळीतला उपजीविकेचा शब्द तसाच पडून राहिला. धंदा बंद करण्याचा अधिकार या कायद्यातून घेतला आणि धंदा उभा करण्याचे कर्तव्य त्याच कायद्यात सोडून दिले.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ लिहिताना हीच गोष्ट घटनेत बांधायची मागणी केली होती. उपाशी आणि बेकार माणूस रोजीसाठी आपले हक्क गहाण टाकतो, म्हणून आर्थिक सुरक्षितता सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीचा आणि तो सरकारी, ही त्यांची सूचना होती. ती मानली गेली असती तर २०२० मध्ये ‘यादीत नाव लागलं का?’ हा प्रश्नच उरला नसता. प्रत्येक नागरिकाचे नाव जन्मानेच यादीत असते.

आणि आज काय चालले आहे? जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीत महापालिकेचे जेसीबी उतरले. पुढचे काही आठवडे शहराच्या मुख्य रस्त्यांवर पाडापाडी चालली. टपऱ्या, दुकाने, हॉटेले गेली. दोनच महिन्यांनी दिल्लीहून बातमी आली की फेरीवाल्याचे पहिले कर्ज आता दहाऐवजी पंधरा हजारांचे होणार. एका हाताने कर्जाचा कागद, दुसऱ्या हाताने अतिक्रमणाची नोटीस. कर्ज देताना तो स्वाभिमानी उद्योजक, रस्ता मोकळा करताना अतिक्रमणवाला. गाडी लावायला जागा नाही आणि गाडीवरचे कर्ज मात्र आहे. याला आत्मनिर्भरता म्हणायची का?

मित्रांनो, पुढची साथ, पुढचा पूर, पुढची टाळेबंदी सांगून येणार नाही. आली की सरकार पुन्हा वही उघडेल. म्हणून काम आत्ता करायचे आहे.

पहिले, माहिती अधिकारात महापालिकेला विचारा : पथविक्रेत्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, किती नावे आली, किती प्रमाणपत्रे दिली, पथविक्रेता समितीची निवडणूक कधी झाली, तिच्यात अनुसूचित जातीचे किती. उत्तर येईल ते वस्तीच्या फलकावर लावा. दुसरे, प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतला प्रत्येक धंदा, त्याची जागा, किती वर्षे चालू आहे, कोणता कागद आहे, कोणता नाही. उद्यम आणि ई-श्रम नोंदणीला सरकारी शुल्क नाही. आपली शिकलेली पोरे विहारात लॅपटॉप घेऊन रविवारी दोन तास बसली तरी वस्ती वर्षभरात वहीत येते. तिसरे, मागणी एकमुखाने करा : बंदचा हुकूम आणि भरपाईचा हुकूम एकाच कागदावर निघाला पाहिजे, रक्कम रोख, आणि पात्रता ठरवताना वस्तीच्या संघटनेचा दाखला ग्राह्य. चौथे, अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुंपण हवे. आंध्र, तेलंगणा, कर्नाटकात असा कायदा आहे, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात नाही. म्हणूनच मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ‘लाडकी बहीण’कडे वळवता आले, आणि त्या खात्याचे मंत्री, आपल्याच शहरातले आमदार संजय शिरसाट यांच्यावर जाहीर नाराजी व्यक्त करण्याची वेळ आली. जिथे मंत्र्याला आपल्या खात्याचा पैसा राखता येत नाही, तिथे पुढच्या आपत्तीत हातगाडीवाल्यासाठी पैसा कोण राखून ठेवणार?

नोंद करणे हे कारकुनी काम वाटते, मोर्चासारखे त्यात रक्त सळसळत नाही. पण ज्या समाजाला हजारो वर्षे वहीबाहेर ठेवले गेले, त्याने आपली वही आपण लिहायला घेणे ही साधी गोष्ट नाही. शून्याचे वीस टक्के शून्यच राहणार. आपल्याला तो शून्य खोडायचा आहे.

जय भीम!